झावळ्या आणि पांढरं आभाळ

बुधवार, जुना बाजार

पुण्याच्या जुन्या बाजारात पेन्सिल सेलवर चालणारा जुना डिजिटल कॅमेरा बघायला जाताना खिशात स्वतःचे चार्ज केलेले दोन सेल आणि एक एसडी कार्ड (फोटो साठवायचं) हवंच. दुकानदाराकडचे साधे पेन्सिल सेल घातले की लेन्स अर्धी बाहेर येते आणि कॅमेरा मान टाकतो. धडधाकट कॅमेरा मग बाद समजून परत ठेवला जातो. दोष सेलचा असतो. लेन्सची मोटर फिरताना एकदम जास्त करंट ओढते आणि साध्या सेलचं व्होल्टेज तिथेच कोसळतं. निकेल-मेटल हायड्राइडचे (पुन्हा चार्ज होणारे) २००० एमएएच क्षमतेचे सेल लिहायला १.२ व्होल्टचेच, पण भार आला तरी टिकून राहतात.

या जातीतला २००७ चा कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस मला सगळ्यात कामाचा वाटतो. ७.१ मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), दोन एए म्हणजे पेन्सिल सेल आणि मुख्य म्हणजे डायलवर एम, एव्ही, टीव्ही: सगळं हाताने, फक्त छिद्र हाताने किंवा फक्त शटरचा वेग हाताने. घेण्याआधी एव्हीवर एफ/८, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक, लावायचं, झूम पूर्ण करायचा आणि पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा. राखाडी ठिपके आले तर सेन्सरवर धूळ आहे. ती चालते, फोटो सुधारताना हील टूलने ठिपका जातो. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळिष्टकासारखे धागे दिसले तर मात्र बुरशी. ती प्रकाश पसरवते, सगळा फोटो दुधाळ करते. फुकट दिला तरी घेऊ नये.

गुरुवार, पाऊस थांबून थांबून

नारळाच्या झावळ्या, खाली कौलं, मागे पांढरंफटक आभाळ. जुन्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा अशा उजेडात. या कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) नाही, फक्त जेपेग, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. आभाळ एकदा २५५ ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, टेकलं की तिथले ढग फाइलमध्ये उरतच नाहीत. मागाहून काहीही केलं तरी फार तर सपाट राखाडी रंग मिळतो. अंधारात गेलेलं मात्र बरंचसं परत येतं. म्हणून एक्स्पोजर उणे २/३, म्हणजे फोटो जरा काळसर, आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०. आयएसओ ऑटोवर ठेवायचा नाही. ४०० च्या पुढे सावल्यांत हिरवे-जांभळे डाग पडतात. कॅमेऱ्याच्या माय कलर्स मेनूमध्ये कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस दोन्ही एकेक पायरी खाली. कॅमेऱ्याने आतच केलेलं शार्पनिंग नंतर पुसता येत नाही, झावळीच्या प्रत्येक पातीला पांढरी कड लागून बसते.

स्क्रीनवर फोटो मरगळलेला दिसतो. दिसू दे. ती स्क्रीन अडीच इंचांची आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

रविवार रात्री, जिंप

जिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडल्यावर आधी प्रिसिजन १६ बिट, म्हणजे रंगांच्या पायऱ्या जास्त बारीक. नवी माहिती काही येत नाही, पण एकावर एक फेरफार करताना आभाळात पट्टे उमटत नाहीत. मग कर्व्हज, म्हणजे उजेडाची रेघ, ० काळं ते १०० पांढरं: ८ जागच्या जागी, ३९ उचलून ४९ वर, ९२ परत जागच्या जागी. मधला भाग उजळतो, काळं काळंच राहतं, ढग शाबूत.

सावली उचलली की रंगीत दाणे वर येतात. त्यावर डिनॉइज (दाणे पुसणारा) फिल्टर चोपडला की कौलं प्लॅस्टिकची दिसायला लागतात. त्यापेक्षा लेयरची (फोटोच्या थराची) नक्कल काढावी, तिला गॉशियन ब्लर ५ पिक्सेल द्यावा आणि मोड एलसीएच कलर करावा. आता रंग पुसट लेयरचा आणि तपशील खालच्या मूळ लेयरचा. रंगांचे डाग जातात, बारीक करडे दाणे राहतात. ते राहिलेलेच बरे, कौलांचा खरखरीतपणा त्यांच्यामुळेच टिकतो. गोची एकच: लाल कौलाचा रंग शेजारच्या हिरव्या पातीवर ओघळतो. लेयरला मास्क लावून तेवढ्या कडेवर काळा ब्रश फिरवायचा, म्हणजे तिथला पुसट लेयर झाकला जातो.

झावळीच्या कडांची जांभळी किनार ही लेन्सची देणगी. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये मजेंटा निवडून सॅच्युरेशन उणे ७०, तेही फक्त झावळ्यांभोवती सिलेक्शन करून. पूर्ण फोटोवर लावलं तर दोरीवर वाळत टाकलेली जांभळी साडी राखाडी होते.

सगळ्यात शेवटी कडा धारदार करणारा अनशार्प मास्क, रेडियस ०.८, अमाउंट ०.४. शंभर टक्के झूम करून बघायचं. कडेला पांढरी रेघ दिसली की अमाउंट कमी. काम एक्ससीएफमध्ये (जिंपच्या स्वतःच्या फाइलमध्ये) ठेवायचं आणि जेपेग एकदाच काढायचं, क्वालिटी ९२. जेपेगच पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केलं तर दर वेळी थोडं झिजतं.

वरच्या कोपऱ्यात सूर्य ढगाआड होता तिथे उणे २/३ ही पुरलं नाही, पांढरा डाग पडलाच. त्याच्यासाठी वरून २८० पिक्सेलची पट्टी कापून टाकली. उरलं ३०७२ बाय २०२४, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १० बाय पावणेसात इंचांचा प्रिंट.