काउंटरवरचा ब्राउझर आणि प्लगिनमधली सीएसआरएफ

मी सोलापुरातल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळते. चादरी-टॉवेलवाले, दवाखाने, क्लासेस, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सलने पाठवणारी घरं. जवळजवळ सगळं वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर. आणि जवळजवळ सगळीकडे काउंटरवर एकच कॉम्प्युटर, त्यात एकच ब्राउझर. व्हॉट्सॲप वेब, ईमेल, जीएसटी पोर्टल, कुरिअरचं ट्रॅकिंग, आणि शेवटच्या टॅबमध्ये वेबसाइटचं ॲडमिन पॅनल. सकाळी लॉगिन केलं की शटर ओढेपर्यंत तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच, कारण 'रिमेंबर मी'वर टिक केली की वर्डप्रेस 14 दिवस लॉगिन धरून ठेवतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या अण्णांना मी म्हटलं, काम झालं की लॉगआउट करत जा. ते म्हणाले, "ताई, पासवर्ड मी कुणालाच दिलेला नाही. मग कोण काय करणार ओ?"

रास्त प्रश्न आहे. पण सीएसआरएफला, म्हणजे क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरीला, पासवर्ड लागतच नाही. तुम्ही लॉगिन केलेलं असतं तेव्हा तुमच्या साइटकडे जाणाऱ्या रिक्वेस्टला ब्राउझर लॉगिनची कुकी, म्हणजे साइटने त्याच्याकडे ठेवलेली ओळखीची खूण, आपणहून जोडतो. ती रिक्वेस्ट तुम्ही बटण दाबल्यामुळे निघाली की दुसऱ्याच कुठल्या पानाने काढायला लावली, याची चौकशी तो पुरेशी करत नाही. दुकानाचं ओळखपत्र खिशात असलेला पोऱ्या रस्त्यात कुणीही सांगितलेलं काम करून येतो आणि बँकेत ओळखपत्र दाखवतो, तसं. बँकेला वाटतं, शेटजींनीच पाठवलंय.

अण्णांच्या साइटवर व्हॉट्सॲपचं हिरवं बटण दाखवणारं एक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा तयार कोड, होतं. घाऊक गिऱ्हाइकाची बहुतेक चौकशी त्याच बटणावरून येते. नवीन प्लगिन बसवण्याआधी त्याच्या सेटिंग जिथे सेव्ह होतात तो कोड मी वाचतेच, पण हे माझ्या आधी कुणीतरी बसवलेलं होतं. उघडून पाहिलं. सेव्ह करण्याआधी 'करंट युजर कॅन'ने समोरचा ॲडमिन आहे का हे तपासलं होतं. चांगलं. पण नॉन्सची, म्हणजे रिक्वेस्ट साइटच्याच पानावरून निघाली हे पटवणाऱ्या गुप्त खुणेची, तपासणी कुठेच नव्हती. शिवाय फोन नंबर फक्त 'पोस्ट'मधून, म्हणजे भरून पाठवलेल्या फॉर्ममधून, न घेता लिंकच्या पत्त्यातलंही चालवून घेणाऱ्या 'रिक्वेस्ट'मधून घेतला होता, म्हणजे फॉर्मसुद्धा नको, साधी लिंक पुरे.

हा तपशील फार महत्त्वाचा आहे. क्रोमने 2020 पासून, कुकीवर काही लिहिलेलं नसेल तर तिला 'सेमसाइट लॅक्स' समजायला सुरुवात केली. त्यामुळे दुसऱ्या साइटवरून गुपचूप पाठवलेल्या पोस्ट फॉर्मबरोबर ती कुकी सहसा जात नाही. पण माणसाने लिंकवर क्लिक करून पान उघडलं की लॅक्स कुकी जातेच. "आता ब्राउझरच सांभाळतो" असं सांगणारे हे सोडून देतात.

मी साइटची प्रत माझ्या लॅपटॉपवर उभी केली, ॲडमिन म्हणून लॉगिन केलं आणि वेगळ्या पत्त्यावरच्या एका पानावर 'टॉवेलचे नवे डिझाइन पाहा' अशी लिंक ठेवली. तिच्यात सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि मागे माझा दुसरा नंबर. क्लिक केलं. साइटचं पहिलं पान उघडलं तर बटण जागच्या जागी, रंग तोच, हसरा फोटो तोच. फक्त दाबल्यावर चॅट माझ्या दुसऱ्या नंबरवर सुरू झालं. साइट बंद पडली असती तर तासाभरात कळलं असतं. हे कळायला किती दिवस गेले असते, आणि तोवर किती ऑर्डरींचा ॲडव्हान्स भलत्याच माणसाकडे गेला असता, या विचाराने मला अजूनही राग येतो.

नंबर बदलणं हा तसा लहान प्रकार. जानेवारी 2020 मध्ये वर्डप्रेसच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या वर्डफेन्सने 'कोड स्निपेट्स' या 2 लाखांहून जास्त साइटवर असलेल्या प्लगिनमधली त्रुटी उघड केली. तिथे बाकी बहुतेक ठिकाणी नॉन्स होता, नेमका इम्पोर्टला, म्हणजे बाहेरच्या फाइलमधून कोड आयात करण्याला, नव्हता. आयात केलेला कोड मुळात बंद अवस्थेत येतो, पण फाइलमध्येच तो चालू असल्याची खूण टाकली की चालू व्हायचा. म्हणजे ॲडमिनने एक क्लिक करायचं आणि परक्याचा कोड सर्व्हरवर धावायचा. 2.14.0 आवृत्तीत, कळवल्यावर अगदी दोन दिवसांत, प्लगिनवाल्यांनी ते दुरुस्त केलं.

उपाय प्लगिन लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि तो दोन ओळींचा आहे. फॉर्ममध्ये 'डब्ल्यूपी नॉन्स फील्ड', सेव्ह करताना 'चेक ॲडमिन रेफरर'. नॉन्स हा युजर, त्याचं सेशन, नेमकं काम आणि वेळ यांवरून बनतो आणि फार तर 24 तास चालतो. परकी साइट रिक्वेस्ट पाठवायला लावू शकते, पण तुमचं पान वाचू शकत नाही, म्हणून तिला नॉन्स मिळत नाही. एक चूक मात्र वारंवार दिसते: 'नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल तर थांबा' अशी अट. मग नॉन्स पाठवलाच नाही की दार उघडं! आणि नॉन्स आहे म्हणून 'करंट युजर कॅन' गाळायचं असंही नाही. माणसाला हक्क आहे का आणि हे त्यानेच मागितलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारावे लागतात.

अशा त्रुटींना धोक्याच्या मोजपट्टीवर बऱ्याचदा 10 पैकी 4.3 गुण मिळतात, म्हणजे 'मध्यम'. ॲडमिनला क्लिक करायला लावावं लागतं, म्हणून गुण कमी. पण ज्याचा धंदाच अनोळखी माणसाच्या मेसेजमधली लिंक उघडून माल पाहण्यावर चालतो, त्याच्यासाठी ही अट अडथळा कसली? नवी पेठेतल्या दुकानदाराला दिवसभरात अशा किती लिंक येतात ते काउंटरवर बसून पाहा. माझ्या यादीत त्याच्यासाठी 4.3 म्हणजे आजच्या आज अपडेट.

अण्णांकडे आता ॲडमिनसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल आहे, त्यात दुसरं काहीच उघडायचं नाही. रोजचे फोटो टाकणाऱ्या मुलाला एडिटरचं, म्हणजे ॲडमिनपेक्षा कमी हक्कांचं, खातं दिलंय. प्लगिनची ऑटो-अपडेट चालू केली. हिरवं बटण मी प्लगिन काढून साध्या लिंकने बसवलं.

प्लगिनच्या लेखकाला सगळं सविस्तर कळवलं होतं. त्याने आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत सेव्हला नॉन्स लावला. पण त्याच फाइलमधलं 'रीसेट' अजून तसंच आहे, म्हणून प्लगिनचं नाव इथे देत नाही. त्याला पुन्हा लिहिलंय, या वेळी दुरुस्त केलेल्या ओळीही सोबत पाठवल्यात.