तिथं सगळे गडीच असतात

खानापूरहून भिजत परत आलेय. चहा झाला, तरी डोकं जाग्यावर नाही.

आज भेटलेली बाई जेमतेम पंचविशीची. नवरा नशेचं इंजेक्शन आधी स्वतः टोचून घेतो, मग त्याच सुईनं हिला. "केंद्रावर नवी सुई मिळते की गं, फुकट," म्हटलं. तर म्हणाली, "अक्का, तिथं सगळे गडीच असतात. पोराला काखोटीला मारून आत पाय कसा टाकू? गावात कळलं तर?"

काय बोलणार! सुई एकच, पाळी तिची नेहमी दुसरी. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी नेमके याच वाटेनं येतात. ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेवरच्या औषधाची, गोळी जिभेखाली ठेवली की तलफ आवरते, पण ती सहसा रोज केंद्रावर जाऊन तिथल्या माणसांसमोर घ्यायची. पोराची अंगणवाडी, सासूची नजर, बसचं भाडं हे सगळं सांभाळून रोज? वेळापत्रक ठरवताना बाई कुणाच्या डोक्यात नव्हतीच, हे उघड आहे.

आणि "सुया वाटून व्यसन वाढवता" म्हणणाऱ्यांनो, 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं या कामाला संरक्षण दिलंय. वाचा एकदा.

मला मोठं काही नको. आठवड्यातले दोन दिवस फक्त बायकांसाठी, एक नर्सबाई, पोरांना खेळायला कोपरा, गरोदरपणाची तपासणी तिथंच. आणि मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं कुणीतरी.

निघताना तिनं सुयांचं पाकीट घेतलं, तांदळाच्या डब्यात खोल दडवलं. गुरुवारी परत जायचंय. 1097 हा एचआयव्हीच्या मदतीचा नंबर दिलाय, पण फोन नवऱ्याकडेच असतो.