एक लाख डॉलरचे चार हप्ते

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये होतकरू पोराच्या घरी गुपचूप पैसे पोचवण्याचा उद्योग जुना आहे. १९८८ मध्ये केंटकी विद्यापीठाकडून लॉस एंजेलिसला निघालेलं एक कुरिअरचं पाकीट वाटेत उघडं पडलं आणि त्यात एक हजार डॉलर रोख निघाले. पाकिटावर नाव होतं केंटकीला येणार असलेल्या एका खेळाडूच्या वडिलांचं. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणात एड मार्टिन या एकाच माणसाने चार खेळाडूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचं निघालं, आणि ते पैसे बेकायदा जुगाराच्या धंद्यातले होते. ही झाली हौशी हितचिंतकांची पद्धत. २०१७ मध्ये जे उघड झालं त्यात मात्र पैसा एका बूट कंपनीच्या हिशेबाच्या वहीतून, रीतसर बिल लावून बाहेर पडत होता. तो कसा पडत होता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यातच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

२००५ च्या करारात एनबीएने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, नियम केला की, भरतीच्या वर्षात अमेरिकन खेळाडूचं वय १९ पूर्ण व्हायला हवं आणि त्याची शाळा सुटून एक वर्ष उलटलेलं हवं. म्हणजे अठरा वर्षांच्या ज्या पोराला उद्या काही कोटी डॉलर मिळणार हे सगळ्यांना दिसतंय, त्याने मधलं एक वर्ष कुठेतरी काढायचं. बहुतेक जण ते कॉलेजात काढतात. तिथे तेव्हा एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमाने शिष्यवृत्ती, राहणं-खाणं आणि थोडा किरकोळ भत्ता एवढंच मिळायचं. त्याहून एक डॉलर जास्त घेतला, तोही आईने किंवा मामाने घेतला, तरी पोराची पात्रता धोक्यात. किंमत आहे, पण ती उघडपणे देता येत नाही. अशा वेळी पैसा थांबत नाही, दलालांच्या हातून जातो.

या दलालीची साखळी कॉलेजात नाही, उन्हाळी स्पर्धांत सुरू होते. नाइकी, आदिदास आणि अंडर आर्मर या तिन्ही कंपन्यांची शाळकरी मुलांसाठी आपापली स्पर्धामालिका आहे. कंपनी संघांना बूट, कपडे, प्रवासखर्च देते. संघ चालवणारा माणूस मुलांच्या घरात ऊठबस असलेला असतो, आणि कोणतं पोर कोणत्या कॉलेजला जाणार यात त्याचा शब्द चालतो. कंपनीला हवं असतं की पोराने तिच्याच करारातल्या विद्यापीठात जावं आणि पुढे व्यावसायिक झाल्यावर तिचेच बूट घालावेत. एजंटला त्याच्या करारावरचं कमिशन हवं असतं, गुंतवणूक सल्लागाराला त्याचे पैसे सांभाळायचे असतात. सगळ्यांची नजर एकाच पोरावर असते, आणि त्याला स्वतःला यातलं बऱ्याचदा काहीच ठाऊक नसतं.

आता लुइव्हिलचं प्रकरण. मिशिगनमधल्या सॅगिनॉचा ब्रायन बोवेन हा मोठ्या नावाचा खेळाडू. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने अचानक लुइव्हिल विद्यापीठ निवडलं. त्यामागे वडिलांना एक लाख डॉलर, चार हप्त्यांत, असा सौदा होता. जुळवणारे तिघे : आदिदासच्या बास्केटबॉल विपणनाचा प्रमुख जेम्स गॅटो, त्याच कंपनीशी जोडलेला मर्ल कोड आणि ख्रिश्चन डॉकिन्स नावाचा तरुण, जो एका एजंट कंपनीसाठी खेळाडू हेरायचा. याच उन्हाळ्यात आदिदास आणि लुइव्हिलचा दहा वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला.

कंपनीतून पैसे काढण्याची तऱ्हा अशी. ‘खेळाडूच्या वडिलांना द्यायचे’ असं कुठल्याही व्हाउचरवर लिहिता येत नाही. म्हणून कंपनीशी संलग्न हौशी संघाच्या नावाने बिल बनवायचं, कारण म्हणून स्पर्धा शुल्क किंवा प्रवासखर्च लिहायचा. बिल मंजूर झालं की रक्कम संघाच्या खात्यात जमा होते, तिथून रोख काढली जाते आणि कुणीतरी ती हातोहात नेऊन देतं. टी. जे. गॅस्नोला हा मॅसॅच्युसेट्समधला संघचालक हेच काम करायचा. त्याने साक्षीत सांगितलं की, कॅन्सस विद्यापीठात गेलेल्या एका खेळाडूच्या आईला त्याने सुमारे ९० हजार डॉलर दिले, त्यातले काही न्यूयॉर्कच्या हॉटेलात रोख. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गेलेल्या दुसऱ्या खेळाडूसाठी ४० हजार त्याने सहायक प्रशिक्षकाच्या हाती ठेवले.

या पद्धतीतला कच्चा दुवा कुणाच्या लक्षात येत नाही : मोठ्या कंपनीचा लेखाविभाग हळू चालतो. खोटं बिलसुद्धा खऱ्या बिलाच्याच रांगेत उभं राहतं. बोवेनच्या वडिलांचा पहिला हप्ता तिथे अडकला. बाप वाट बघतोय, पोर कॉलेजात दाखल झालंय, आणि कंपनीचे पैसे सुटत नाहीत. मग डॉकिन्सने आपल्या नव्या श्रीमंत गुंतवणूकदाराकडून तात्पुरती रोकड घेतली. तो गुंतवणूकदार एफबीआयचा माणूस होता.

एफबीआय आत शिरली ती पिट्सबर्गच्या मार्टी ब्लेझर या गुंतवणूक सल्लागारामुळे. त्याने ग्राहकांचे पैसे सिनेमांत घातले, पकडला गेला आणि २०१४ पासून सरकारला मदत करू लागला. त्याच्या ओळखीने बनावट गुंतवणूकदार उभा राहिला, फोन ऐकले गेले, लास वेगासच्या हॉटेलात छुप्या कॅमेऱ्यांसमोर सहायक प्रशिक्षकांना पैसे दिले गेले. त्यांनी आपल्या खेळाडूंना ठरावीक सल्लागाराकडे वळवायचं, असा व्यवहार. रेकॉर्डिंगमध्ये डॉकिन्स वारंवार म्हणतो की, प्रशिक्षकांना पैसे देणं निरर्थक आहे, पोरांच्या घरच्यांना द्या. धंद्याच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. पण लाचेचा खटला उभा राहायला सार्वजनिक संस्थेतला किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेतला नोकर लागतो, आणि प्रशिक्षक त्यात बसतात. पोराचा बाप बसत नाही.

२६ सप्टेंबर २०१७ ला दहा जणांवरचे आरोप जाहीर झाले. त्यात ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्नियाचे चार सहायक प्रशिक्षक होते. लुइव्हिलने मुख्य प्रशिक्षक रिक पिटिनोला काढून टाकलं. त्याच्यावर फौजदारी आरोप कधीच झाला नाही आणि २०२२ च्या चौकशीत त्याला दोषीही धरलं गेलं नाही.

बापाला पैसे देणं हा अमेरिकेत गुन्हा नाही, तो एनसीएएचा नियमभंग. मग गॅटो, कोड आणि डॉकिन्स तुरुंगात कशासाठी गेले? सरकारी वकिलांची मांडणी अशी : खेळाडू दर मोसमाआधी आपण पात्र असल्याच्या कागदावर सही करतो. पैसे घेतल्याने तो अपात्र झालेला असतो. ही गोष्ट लपवून विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती काढली, म्हणजे विद्यापीठाची फसवणूक झाली. फोन आणि बँक व्यवहार राज्याच्या सीमा ओलांडून गेले, म्हणून गुन्हा केंद्रीय. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने हे मान्य केलं. गॅटोला नऊ महिने, बाकी दोघांना सहा-सहा महिने. अपिलातही शिक्षा टिकली.

ही मांडणी मला कधीच पटलेली नाही. ज्या विद्यापीठाला त्या पोराच्या खेळावर तिकिटं, प्रक्षेपण आणि बुटांचे करार मिळणार होते, ते पीडित ठरलं, आणि पोर फसवणुकीचं साधन.

शिक्षांचा हिशेब बघा. ऑबर्नच्या चक पर्सनने ९१,५०० डॉलर घेतले, त्याला तुरुंगवास नाही, २०० तास समाजसेवा. ॲरिझोनाच्या बुक रिचर्डसनने २० हजार घेतले, त्याला तीन महिने. बोवेन मात्र कॉलेजसाठी एकही सामना खेळला नाही. तो ऑस्ट्रेलियात सिडनीला जाऊन खेळला आणि नंतर इंडियानाच्या एनबीए संघात थोडा काळ दिसला. कॅन्ससच्या ज्या खेळाडूच्या आईने पैसे घेतले होते, त्याच्या गाडीला कॅम्पसवर छोटा अपघात झाला, गाडी कुणाच्या पैशाची असा प्रश्न निघाला आणि त्याला बाकावर बसवलं. तो बोस्नियात खेळायला निघून गेला. कॅन्ससच्याच, अंगोलाहून आलेल्या सिल्व्हिओ डी सूझाच्या पालकाने अडीच हजार घेतले. मुलाला याची कल्पनाही नव्हती, तरी एनसीएएने त्याला दोन मोसमांसाठी बाहेर बसवलं, मग ओरड झाल्यावर परत घेतलं.

आणि कॅन्सस? विद्यापीठावरचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला. २०१७-१८ चे पंधरा विजय आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतली अंतिम चार संघांतली जागा नोंदीतून पुसली गेली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, कॅन्ससने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं होतं. ते कायम राहिलं. मुलांना महिन्याभरात बाकावर बसवणारी व्यवस्था संस्थांसाठी सहा वर्षं घेते, याची मला चीड येते.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे घेता येतात. खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलर. बाहेरच्या कुणाशी ६०० डॉलरहून मोठा करार केला, तर तो तपासणीसाठी नोंदवावा लागतो, आणि किंमत बाजाराला धरून आहे का ते बघितलं जातं. लुइव्हिलचे ते लाख डॉलर आज उघड करारात बसवता आले असते. भारतासारख्या देशातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांची मात्र पंचाईत कायम आहे, कारण त्यांच्या कमाईवर व्हिसाच्या अटींचा चाप आहे.

दलाल गेलेले नाहीत, आता ते छापील करारात आलेत. फ्लोरिडाच्या एका कॉलेज फुटबॉलपटूने २०२२ मध्ये ४ लाख ३६ हजार डॉलर घेतले आणि बदल्यात व्यावसायिक कमाईचे १५ टक्के, करापूर्वीचे, २५ वर्षं देण्याचं लिहून दिलं. पुढच्याच वर्षी त्याला हा करार रद्द करून घेण्यासाठी कोर्टात जावं लागलं. तेव्हा करार हातात पडला की, रकमेचा आकडा नंतर बघावा. आधी टक्केवारी कशावर आहे आणि ती किती वर्षं चालणार, ती दोन कलमं शोधावीत.