खिशातल्या चाकूचं लाकूड

घडीच्या चाकूच्या मुठीला लाकूड लागतं ते किती? बोटापेक्षा थोड्या लांब अशा दोन चिपा, जाडी फार तर तीन-चार मिलिमीटर. पण निवडायला बसलं की घराच्या चौकटी घेताना पडले नसतील इतके प्रश्न पडतात. माझ्या चाकूचं पातं अजून कैरी सपासप कापतं, प्लॅस्टिकची मूठ तेवढी तडकली. शंभर-दोनशे रुपयांत नवा मिळतो, हे घरच्यांनी सुचवून झालं आहे.

चाकूच्या हौशी मंडळींत दुर्मीळ लाकडाला भारी मान. त्यातलं एक लिग्नम व्हिटी, कॅरिबियन बेटांकडचं. पाण्यात टाकलं की थेट तळ गाठतं, आणि अंगात राळ एवढी की जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला त्याचं बेअरिंग बसवायचे. वेगळं वंगण लागायचं नाही. ऐकून हाव सुटते, खरंय. पण सातासमुद्रापलीकडचं लाकूड आणून नागपूरच्या धरमपेठेत कैरी चिरायची, हे जरा अतिच. आपलं शिसव सुंदर. पण त्याच्या सगळ्या डाल्बर्जिया घराण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून निर्बंध आहेत. खिशातल्या हौसेसाठी तेही नको वाटलं.

मग गाठलं लकडगंज, नागपुरातला लाकडाचा बाजार. आरा मशीनच्या आवाजात मी सागाचं नाव काढलं. बल्लारशाहचा साग म्हणजे आपला अभिमान, 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही तोच गेला. मिस्त्रींनी भुसा झटकला आणि म्हणाले, "साग दरवाज्याचं लाकूड हाय जी. चाकूले कायले? खिशात किल्ल्या असतेत, चार दिवसात खड्डे पडतीन."

मुद्दा बरोबर होता. शिवाय हवामान: आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जुलैत दारं फुगून बसतात. एवढ्या फरकात लाकूड आकसलं की पितळेचे खिळे वर येतात आणि तळहाताला टोचतात. दणकट लाकडाचा प्रश्न शेतकऱ्यांनी केव्हाच सोडवलाय: कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा किंवा तिवसाचा. डिंकाच्या लाडवातला डिंक देणारा तोच हा धावडा. अंजन तर त्याहून जड, पाण्यात बुडणारं. भोक पाडताना ड्रिलमधून धूर निघतो म्हणे.

पण मिस्त्रींनी कोपऱ्यातून काढला तो तेंदूचा तुकडा, कुण्या मोडलेल्या दमणीच्या, म्हणजे छोट्या बैलगाडीच्या, दांडीचा. तेंदू! ज्याची टेंभरं उन्हाळ्यात टोपलीत येतात आणि ज्याच्या पानात बिडी वळली जाते. करवत फिरली आणि आतून काळं निघालं. कडेला फिकट राखाडी, मध्ये शाई सांडल्यासारखा काळाभोर गाभा, तोही वेडावाकडा, कुठे बोटभर तर कुठे नुसती रेघ. हा आपला आबनूसच, एबनीचा सख्खा भाऊ.

गंमत अशी की विदर्भाच्या जंगलात तेंदूला तोटा नाही, तरी असा गाभा सहसा बघायला मिळत नाही. काळा गाभा धरतो तो म्हाताऱ्या झाडात. आणि सगळ्यांना हवी असतात पानं. कोवळी पानं फुटावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झुडपं बुडाशी छाटतात. छाटलेल्या झुडपाला म्हातारं व्हायला फुरसत कोण देणार? पानं तोडणाऱ्यांचं त्यावर पोट आहे, त्यामुळे तक्रारही करवत नाही.

दुर्मीळ म्हणून घ्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. तरी तो काळा रंग बघून खिशात हात गेलाच.

घासायला जीव खातं हे लाकूड. पॉलिश पेपर मऊ होत जातो, बोटं काळी होतात आणि मग नुसत्या कापडानेही चकाकी येते. वरून जवसाचं तेल, पातळ हाताने. ते हवेने हळूहळू घट्ट होतं. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायचा नाही, आपोआप पेट घेऊ शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात अशी जोखीम घेऊ नये. पसरून वाळवावा आणि मग फेकावा.

तुकड्यातून अजून एका चाकूपुरतं लाकूड उरलंय आणि साळ्याचा त्यावर डोळा आहे. मी त्याला अंजन किती भारी असतं ते पटवून सांगतोय.