घरच्या गॅरेजात लिफ्ट बसवताना

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ची, वडिलांची. रत्नागिरीची खारी हवा खाऊन खालचा पत्रा पापुद्रे सोडतोय, आणि मी पन्नाशी उलटून गेल्यावरही जॅक नि लाकडी ठोकळे लावून तिच्याखाली सरपटत होतो. एक दिवस जॅक हळूच बसला. ठोकळ्यांनी गाडी पेलली, पण हिनं ते पाहिलं. "अहो, एक तर गाडी विका, नाहीतर काय ती गाडी उचलायची लिफ्ट आणा." मी वाक्याचा शेवटचा भाग तेवढा ऐकला.

आधी फोर-पोस्ट, म्हणजे चार खांबांची लिफ्ट मनात भरली होती. गाडी चाकांवरच उभी, गंजक्या पत्र्यावर भार नाही. पण चाकं मोकळी होत नाहीत. ब्रेकच्या कामाला वर आणखी एक जॅक लागतो. कात्रीसारखी उघडत वर जाणारी छोटी सिझर लिफ्ट स्वस्त, पण तिचा सांगाडा गाडीच्या पोटाखाली येतो. पद्मिनीचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नेमका तिथेच. उरली टू-पोस्ट: दोन बाजूंना दोन खांब, त्यांचे हात गाडीला खालून उचलतात.

विक्रेता फोनवर सांगत होता, "सहा फूट वर जाते, साहेब." जाते, पण माझा स्लॅब दहा फुटांवर आणि गाडीची उंची जवळपास पाच फूट! दोन्ही खांब वरून आडव्या पट्टीनं जोडलेली लिफ्ट साडेअकरा-बारा फूट उंची मागते, म्हणजे ती बादच. खांबांना जोडणारी प्लेट जमिनीवरून जाते ती लिफ्ट साडेनऊ फुटांत बसते. खाली ताठ उभं राहता येत नाही, स्टुलावर बसतो.

खरी गंमत जमिनीत होती. लिफ्टचा सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी, अँकर बोल्टवर येतो, आणि काँक्रीट किमान सहा इंच हवं म्हणाले. फरशी उचकटून ड्रिल लावलं. तीन इंच पांढरी पूड आली आणि मग एकदम लालभडक जांभ्याची माती. मिस्त्री माझ्याकडे बघून नुसता हसला. शेवटी दोन्ही खांबांखाली चार बाय चार फूट चौकोन फोडून, एक फूट खोल खणून, सळ्या बांधून काँक्रीट भरलं. मे महिना होता. गोणपाट टाकून रोज पाणी मारलं आणि अठ्ठावीस दिवस लिफ्टवाल्याला फिरकू दिलं नाही. तो रोज फोन करायचा.

घरात सिंगल फेज, म्हणून मोटर तशीच घेतली, वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी. गाडी चढवण्याआधी लिफ्टच्या हातांचे पॅड टेकतात त्या चार जागी पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला. तो खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. गाडी वर नेली की ती लोखंडी लॉकवर टेकवून ठेवायची, ते बरोबरच. पण लॉक सोडवायला आधी ती इंचभर आणखी वर उचलावी लागते, आणि त्याला वीज लागते. जुलैत एका संध्याकाळी मी सायलेन्सर काढून बसलो आणि लाईट गेले. बाहेर धो धो पाऊस. हिला साडेसातला लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. दारात जरीची साडी नेसून उभी राहिली, वर लटकलेल्या गाडीकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"रिक्षा बोलवा," म्हणाली.