स्कोप पुढे सरकवला आणि छर्रे गवतात गेले

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे 0.177 इंची छर्ऱ्याच्या ब्रेक-बॅरल (नळी मोडून भरायच्या) एअर रायफलवरचा 3-9x40 स्कोप (3 ते 9 पट, पुढचं भिंग 40 मिमी) उतरवला. त्याच्या जागी पिस्तुलावर लावतात तो 2x20 बसवला, तोही चांगला पुढे, डोळ्यापासून फूटभर अंतरावर. सहा रविवार नागपूरच्या काटोल रोडवरच्या मित्राच्या संत्र्याच्या बागेत गेलो. मागे मातीचा उंच बांध, निशाण 20 मीटरवर. पहिल्याच दिवशी मित्र म्हणाला, "काऊन बे, बंदुकीले दुर्बीण लावली का दुर्बिणीले बंदूक?"

खूळ डोक्यात भरलं ते अमेरिकन नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपरच्या स्काउट रायफलमुळे. वजन तीन किलोच्या आसपास, लांबी मीटरभर, आणि कमी पॉवरचा स्कोप अ‍ॅक्शनच्या (गोळी भरायच्या-उडवायच्या यंत्रणेच्या) पुढे नळीवर. त्यानं ही कल्पना 1980 च्या दशकात मांडली. स्कोप पुढे गेला की बोल्टच्या वरची जागा मोकळी होते, क्लिपनं वरून गोळ्या भरता येतात, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी के98के रायफलीच्या मागच्या साइटवर दीड पटीचा झेडएफ41 स्कोप बसवलाच होता. तो सैनिकांना फारसा आवडला नाही, हे मी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं, हा माझा दोष.

पहिले दोन रविवार स्कोप पकडणाऱ्या माउंटनंच खाल्ले. माझ्या रायफलीवर डव्हटेलच्या (माउंट पकडायच्या) खाचा सिलिंडरच्या, म्हणजे स्प्रिंग-पिस्टनच्या नळकांड्याच्या, मागच्या भागातच आहेत. म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची लांब रेल करून घेतली: मागून खाचांत पकडलेली, पुढचं टोक अधांतरी. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दुहेरी असतो. पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते आणि पिस्टन आदळला की पुढे उसळते. चाळीसेक छर्ऱ्यांत रेल मागे सरकली आणि मार खाली जाऊ लागला. मी आधी छर्ऱ्यांना शिव्या दिल्या, मग श्वासाला. शेवटी मागे स्टॉप पिन ठोकली, पुढच्या टोकाखाली सिलिंडरला टेकेल असा नायलॉनचा ठोकळा दिला, तेव्हा कुठे झीरो (नेम आणि मार यांची जुळणी) टिकला.

तिसऱ्या रविवारी खरी गंमत कळली. कूपरच्या रायफलीत गोळ्या भरायची जागा मागे, बोल्टपाशी. माझ्या रायफलीत नळी मोडून छर्रा घालायचा तो बिजागरीपाशी, आणि पुढे ओढलेला स्कोप बरोब्बर त्याच्याच डोक्यावर छत धरून बसलेला! जागा मोकळी व्हावी म्हणून जी युक्ती केली, तिनं माझीच जागा अडवली. अंगठा स्कोपखाली घालून चाचपडत छर्रा बसवायचा. सकाळच्या गारठ्यात बोटं आखडलेली, पाचातला एक तरी गवतात. जुना स्कोप मागे होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

दुसरं दुखणं उन्हाचं. बांध पश्चिमेला, म्हणजे सकाळचा सूर्य थेट पाठीवर. नेहमीच्या स्कोपमध्ये डोळा आयपीसपासून तीन-साडेतीन इंचांवर असतो, त्यामुळे आपलंच डोकं भिंगावर सावली धरतं. फूटभर पुढच्या भिंगावर मात्र ऊन खांद्यावरून सरळ पडतं आणि क्रॉसहेअर (नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा) दुधात बुडाल्यासारखे दिसेनासे होतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टोपी केली. दिसतं भिकार, पण निम्मं काम झालं.

दोन पट स्कोपमधून जास्त परिसर दिसेल असं वाटत होतं. उलटंच निघालं. 40 मीटरवर कुंपणाचे खांब दोन-दोन मीटरवर आहेत. जुन्या स्कोपमधून 4 पटीला जवळजवळ दोन गाळे दिसायचे, यातून एक पुरा आणि पुढचा थोडासा. भिंग डोळ्यापासून लांब गेलं की त्याची खिडकीच लहान होते, पॉवर कमी असून फायदा नाही. बाकीचं जग दिसतं ते दुसऱ्या उघड्या डोळ्यानं, आणि तिथेच या मांडणीची खरी मजा आहे.

पॅरालॅक्सही (डोळा मधून हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो ती चूक) मोजून पाहिला. हा स्कोप 50 यार्डांवर जुळवलेला, बदलायची सोय नाही. 20 मीटरवर डोळा पार कडेला गेला तर चूक साडेपाच मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते (वस्तुभिंगाची त्रिज्या 10 मिमी, गुणिले अंतरांतला फरक, भागिले 45.7 मीटर). जुन्या 40 मिमीच्या स्कोपचं वस्तुभिंग दुप्पट मोठं, पण त्याची पुढची रिंग फिरवून ही चूक जवळजवळ पुसता येते. इथे गाल दर वेळी त्याच जागी टेकवणं हाच इलाज.

पिशवीवर टेकून पाच छर्ऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) जुन्या स्कोपनं 18 मिमी आणि याने 31. हे अपेक्षितच होतं, दोन पटीत काळा ठिपका क्रॉसहेअरमागे झाकला जातो. पण उभ्यानं, दोरीला टांगून झुलणाऱ्या डब्यांवर, वीसपैकी जुन्यानं 11 आणि यानं 13. वीस छर्ऱ्यांवरून मोठं बोलू नये, पण डबा झुलत येताना आधीच दिसतो आणि खटका आपोआप दाबला जातो, ही जाणीव आकड्याहून पक्की होती. मित्रालाही मान्य करावं लागलं.

तरी ब्रेक-बॅरलवर हे नको. जुना स्कोप परवाच परत चढवला, 15 छर्ऱ्यांत झीरो झाला. रेल आणि 2x20 ट्यूबच्या टोपीसकट डब्यात ठेवलेत. मित्राकडे साइड-लिव्हरची एक जुनी रायफल आहे. तिची नळी मोडत नाही, छर्रा सिलिंडरच्या तोंडाशी बाजूनं जातो. तिथे स्कोप किती पुढे नेला तर अंगठा मोकळा राहतो, ते पुढच्या रविवारी पट्टी लावून मोजणार आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.