एकडोळ्या गुलामाचा निकाल

“गिफ्टला एखादा बोर्ड गेम द्या” म्हणत गिऱ्हाईक आलं की माझे तीन प्रश्न ठरलेले. खेळणारे किती, नियम वाचून समजावणारं कोणी आहे का, आणि बसणार कुठे. तिसऱ्या प्रश्नाला लोक चमकतात. पण मुंबईत जेवणाचं टेबल सगळ्यांकडे नसतं. जमिनीवर फतकल मारायची तर डोक्यावर पंखा फुल स्पीडला, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करा म्हणायची कोणाची छाती? कागदी नोटांचा खेळ अशा घरात दहा मिनिटं टिकत नाही.

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या गर्दीतलं आमचं दुकान. बोर्ड गेम्सची भिंत माझ्याकडे, गल्ला आणि कॅरम काकांकडे. काकांच्या मते कॅरम आणि ‘नवा व्यापार’ सोडून बाकी सगळं ‘रंगीत पुठ्ठा’. पावसाळ्यात हलक्या कंपनीचे बोर्ड पापडासारखे वाकतात तेव्हा मलाही त्यांचं पटतं. दिवाळीत गिऱ्हाईक हटकून तीन गोष्टी मागतं: डबा मोठा हवा, ‘एज्युकेशनल’ हवा आणि स्वस्त हवा. डब्यावरचं वय बघून तर हमखास घोळ. ‘१४+’ दिसलं की मुलाला जमणार नाही म्हणून ठेवून देतात. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. ती कटकट टाळायला कंपन्या ‘१४+’ छापून मोकळ्या होतात. त्यामुळे तो आकडा बऱ्याचदा मुलाच्या डोक्यासाठी नसतो, कायद्यासाठी असतो. हे कोणाकोणाला समजावणार? त्यात या वेळी, म्हणजे २०२५ ला, ऐन सणाच्या तोंडावर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि जुन्या छापील किमतीवरून दिवसभर हुज्जत.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, कंदील घेणाऱ्यांची झुंबड उडालेली असताना, पन्नाशीचे एक गृहस्थ आले. ऑफिसची बॅग, हातात फराळाच्या पिशव्या. भाऊबिजेला बहिणीला ओवाळणीत खेळ द्यायचा होता. खेळणारे किती, विचारलं तर म्हणाले, “चार. म्हणजे... दोन आणि दोन.”

आता चार म्हणजे चार. पण “बाई, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो,” असं करत त्यांच्याकडून बाहेर आलं ते असं. लालबागची चाळ पाडली. भाडेपावती थोरल्या भावाच्या नावावर, म्हणून नवी रूमही त्याच्या नावावर. “मी त्या खोलीत जन्मलोय. पण कागदावर नाव त्याचं.” तेव्हापासून भाऊबिजेला एक भाऊ सकाळी येणार, दुसरा संध्याकाळी. यंदा बहिणीनं दोघांना निरोप धाडला होता, दुपारच्या जेवणाला एकत्र या, नाहीतर कोणीच येऊ नका.

“जेवण होईल हो,” ते म्हणाले. “त्यानंतर काय? टीव्ही लावला की तो मोबाइल काढून बसणार. हाताला काहीतरी हवं.”

मागे रांग लागली होती. काका गल्ल्यावरून “अगं आटप” अशा नजरेनं बघत होते. पण अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत. मी डबे काढायला लागले.

कॅटन मी त्यांना हातातही घेऊ दिला नाही. १९९५ सालचा हा जर्मन खेळ जगभर खपलाय, मलाही आवडतो, पण त्यात समोरच्याकडे गहू, विटा, मेंढ्या मागाव्या लागतात आणि समोरचा “तुला देणार नाही” म्हणू शकतो. रूमवरून बिनसलेल्या भावांना घरं बांधायचा खेळ कोण देईल? पँडेमिकमध्ये सगळे एका बाजूला, साथीच्या रोगांशी लढायचं, कोणी एकटा हरत नाही. त्यांना ते आवडलं. मला नाही. अशा खेळात ज्याला जास्त कळतं तो बाकीच्यांना हलवत बसतो, आणि त्यांच्या घरात तो थोरलाच असणार हे सांगायला नको. तिकिट टू राइडमध्ये दुसऱ्याचा रेल्वेमार्ग अडवता येतो. कोडनेम्सला इंग्रजी शब्द लागतात, आणि मेव्हणे मराठी शाळेतले.

शेवटी सिक्वेन्स काढला. पत्ते कळणाऱ्या घराला तो पाच मिनिटांत कळतो. दहा बाय दहाच्या पटावर पत्ते छापलेले, हातातला पत्ता टाकायचा आणि त्याच्या घरावर आपली चकती ठेवायची. पाच चकत्यांची ओळ झाली की एक सिक्वेन्स, दोन बाजूंच्या खेळात दोन झाले की जिंकलात. गुलाम पटावर नसतात. समोरून दिसणारा दोन डोळ्यांचा गुलाम कुठेही चालतो. इस्पिक आणि बदामचा गुलाम तिरक्या चेहऱ्याचा, एकाच डोळ्याचा. त्यानं समोरच्याची चकती उचलता येते.

आणि मला ज्याची खरी मजा वाटते तो नियम: भिडूला खाणाखुणा करायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही. तोंड उघडलंत की तुमच्या बाजूच्या प्रत्येकानं एक पत्ता टाकून द्यायचा.

“म्हणजे भिडू असून बोलायचं नाही?” त्यांनी विचारलं.

“बोललात तर दंड.”

ते चक्क हसले. “मग आम्हाला जमेल.” मी त्यांना बजावून सांगितलं, दोघे भाऊ एका बाजूला, समोरासमोर बसा, मेंढीकोटसारखे. बहीण आणि मेव्हणे दुसऱ्या बाजूला. डब्यावर दुकानाचा स्टिकर चिकटवला, मोबाइल नंबर असलेला. ते गेल्यावर काका म्हणाले, “तेवढ्या वेळात मी तीन कॅरम विकले.” विकले असतील. कॅरम विकायला तोंड उघडावं लागत नाही, गिऱ्हाईक स्वतःच ठरवून येतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

भाऊबिजेला दुकान बंद करायच्या बेतात असताना फोन आला. बाईचा आवाज, मागे कल्ला. “ताई, तुमच्याकडून तो चकत्यांचा खेळ घेतला ना? एक सांगा. पुरी झालेली ओळ त्या एकडोळ्या गुलामानं तोडता येते का?”

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “नाही. ओळ पूर्ण झाली की त्यातली चकती काढता येत नाही.”

फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं. मागून एक भारदस्त आवाज, “बघ! लिहिलेलं आहे ना? विचार, लेखी आहे का?”

“नियमांच्या कागदावर छापलंय,” मी म्हटलं.

मग कळलं की भाऊ एका बाजूला बसलेच नव्हते. थोरल्यानं आल्या आल्या बहिणीला भिडू करून घेतलं होतं. गुलाम टाकला होता धाकट्यानं, माझ्या गिऱ्हाइकानं. त्याचा आवाज काही फोनवर आला नाही. बहीण म्हणाली, “त्या कागदाचा फोटो पाठवा हो, तोंडी कोणी ऐकत नाही.” मी दुकानातल्या डेमोच्या डब्यातून कागद काढून फोटो पाठवला. निळ्या टिका लगेच आल्या.

काकांचं म्हणणं, नियम विचारला, तू नियम सांगितलास, संपलं. मला तसं वाटत नाही. ‘नवा व्यापार’ घरोघरी वेगळ्या नियमांनी खेळतात, हे मीच गिऱ्हाइकांना सांगते. तुमच्या घरात ठरेल तो नियम, असं म्हटलं असतं तर? तर थोरला म्हणाला असता दुकानवाल्यांनाच माहीत नाही, आणि डाव उधळला असता. की नसता उधळला?

एक मात्र आहे. दुपारच्या जेवणाला जमलेली माणसं दुकानं बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्या पटाशी होती आणि एकमेकांशी तावातावानं बोलत होती. निदान एकजण तरी.

न राहवून दुसऱ्या दिवशी मी त्या नंबरवर लिहिलं, “खेळ आवडला का सगळ्यांना?” संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा. काकांना दाखवला तर म्हणाले, “आवडलाय.” मी अजून तो उघडून बघते.